अण्णांची पद्मिनी चालू करण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी पन्नाशी ओलांडलेला, डोंबिवलीत राहणारा नोकरदार. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, 1982 साली मुंबईत नवी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. निवृत्तीनंतर ती त्यांनी सावंतवाडीजवळच्या गावी नेली. 2007 पासून ती घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. आरसी बुक सापडलं, विमा नाही. चाकं बसलीत, आत उंदरांनी घर केलंय, पण इंजिन शेवटपर्यंत एक नंबर होतं. गाडी अगदी नव्यासारखी करावी आणि सात महिन्यांनी, मे महिन्यात, लेकीची पाठवणी त्याच गाडीतून करावी असं फार मनात आहे. गावचा मेकॅनिक म्हणतो, बॅटरी टाकू, ताजं पेट्रोल घालू, एका दिवसात चालू करतो. बाकीचं सगळं दीड लाखात, दोन-तीन महिन्यांत. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या. बायको म्हणते, लग्नाच्या खर्चात हे कुठे? मित्र सांगतात, व्हिंटेज नंबर मिळेल, किंमत वाढेल. काय करावं?

उत्तर :

आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी गावी फोन करून सांगा की गाडीला कुणी बॅटरी लावायची नाही. एवढ्या वर्षांनी उघडलेल्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान शेडमध्ये होत नाही, ते चालू करण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात होतं.

असं का, ते समजून घ्या. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात बेअरिंगवरचं, बोअरवरचं (म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवरचं) तेल केव्हाच निथळून खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलपात्रात, गेलेलं असतं. ज्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात कोकणातली दमट हवा शिरते आणि रिंगा बोअरला गंजाने धरतात. स्टार्टरने जोर लावला की रिंग तुटते किंवा बोअरवर ओरखडा उमटतो. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला असेल तर पुशरॉड वाकतो. टाकीच्या तळाशी जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर असतो. वरून ताजं पेट्रोल ओतलं की तो विरघळून पंपात, कार्बोरेटरच्या जेटमध्ये, अगदी व्हॉल्व्हच्या दांड्यापर्यंत जातो. आणि उंदरांनी वायरींचं आवरण कुरतडलेलं असेल, जे तुमच्या वर्णनावरून जवळपास नक्कीच आहे, तर बॅटरी जोडल्याजोडल्या शॉर्ट होऊन गाडी पेट घेऊ शकते. यातलं इंजिनाचं नुकसान टाळायला दोन-तीन दिवसांचा संयम आणि थोडंसं तेल पुरतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : इंजिन चांगलं म्हणजे गाडी चांगली. पद्मिनीच्या बाबतीत हे नेमकं उलट आहे. तिचं 1089 सीसीचं इंजिन साधं आणि दणकट आहे. 68 मिमीचा बोअर, 75 मिमीचा स्ट्रोक, लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड. अगदी जाम झालं तरी कुठलाही चांगला कारखाना ते बोअर करून, रिंगा-पिस्टन घालून उभं करतो. पण या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. म्हणून गाडी वाचवायची की नाही, हे बोनेटखाली ठरत नाही; दरवाजाखालच्या पट्टीत आणि मागच्या कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बुडाशी ठरतं.

त्यामुळे गावी जाल तेव्हा पहिला दिवस फक्त पत्र्याला द्या. जाताना रबरी हातमोजे, मास्क, जुना मोठा स्क्रूड्रायव्हर, एक चांगला लोहचुंबक, टॉर्च आणि फोन न्या. दरवाजे उघडण्याआधी काठीने सीटखाली, डॅशबोर्डखाली ठोकून बघा. अशा गाडीत साप असणं कोकणात नवल नाही. उंदरांच्या लेंड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओल्याच उचला. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून होणाऱ्या तापाचा, धोका खरा आहे, हाताला खरचटलेलं असेल तर मोज्याशिवाय हात घालू नका.

मग सीट आणि पायाखालची मॅट बाहेर काढा. मॅटखालचं तागाचं अस्तर ओलावा धरून ठेवतं आणि फ्लोअर वरून खातं. ड्रायव्हरच्या पायाजवळचा पत्रा, मागच्या सीटखालचा पत्रा आणि डिकीत स्टेपनीचा खड्डा, या तीन ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. बाहेरून दोन्ही बाजूंच्या दरवाजांखालच्या सिलपट्टीवर पुढून मागे ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे पत्रा जिवंत आहे, बद्द आवाज येतो तिथे आत गंजाचा भुगा किंवा लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. लोहचुंबक त्यासाठीच, लांबीचा जाड थर असेल तर तो चिकटत नाही. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे, दरवाजांचे तळ आणि बॅटरीच्या ट्रेखालची जागा याही बघा. ट्रेखाली अॅसिड गळून पत्र्याची चाळण झालेली असतेच, पण ते दुरुस्त होण्यासारखं काम आहे.

आता खरी परीक्षा. गाडी जॅकवर घेऊन खाली शिरू नका; जॅक ज्या जागी टेकतो तीच जागा सडलेली असू शकते. चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि बाहेरूनच आडवं पडून टॉर्चने मागे बघा. कमानपाटा जिथे बॉडीला बांधलेला असतो ती पुढची आणि मागची ब्रॅकेटं, आणि पुढे सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात तो आडवा भाग. या जागांचा पत्रा थराथराने सुटून पापुद्रे निघत असतील, स्क्रूड्रायव्हर आरपार जात असेल, आणि जोडीला दोन्ही सिलपट्ट्याही गेलेल्या असतील, तर गाडीचा कणा गेला आहे असं समजा. फ्लोअरला भोकं आहेत पण या बांधणीच्या जागा शाबूत आहेत, तर गाडी वाचते. दरवाजा उघडा ठेवून आणि बंद करून त्याच्या फटीही बघा. उघडताना दरवाजा खाली झुकत नसेल आणि वरची-खालची फट सारखी असेल, तर सांगाडा अजून सरळ आहे.

या तपासणीला एक पैसा लागत नाही आणि निम्मा निर्णय इथेच होतो. म्हणून मेकॅनिकचा दीड लाखाचा आकडा मी सध्या बाजूला ठेवेन. त्याने मॅट उचलून फ्लोअर बघितल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. न बघता सांगितलेला आकडा हा अंदाजही नसतो. पत्र्याचं काम कापल्याशिवाय कळत नाही. वरून नाण्याएवढा दिसणारा गंज कापल्यावर ताटाएवढा निघतो. तपासणीनंतर जो आकडा पुढे येईल, त्यात निदान निम्मी भर घालून तुम्हाला तो झेपतो का, हे बघा. झेपत नसेल तर आत्ता थांबणं शहाणपणाचं, कारण अर्धी उघडून टाकलेली गाडी कुणीच घेत नाही.

गाडी तुमची आहे, हेही तुम्ही धरून चाललात. कायद्याने ती अजून अण्णांची आहे आणि त्यांच्यानंतर सगळ्या वारसांची. आई असतील तर त्या, भाऊ, आणि बहीण असेल तर तीही. मालक वारल्याचं आरटीओला 30 दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो. तुमची मुदत गेली आहे, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्यांची लेखी संमती आणि आरसी बुक लागतं. पत्र्यावर पहिला रुपया खर्च करण्याआधी भावाची सही घ्या. त्याच्या 'भंगारात द्या' या म्हणण्यामागे बहुतेक दोन साधे प्रश्न असतील : पैसे कोण घालणार, आणि शेडची जागा किती वर्षं अडणार. त्यांची उत्तरं आकड्यांत आणि तारखांत द्या. तो गाडीच्या विरोधात आहे असं आत्तापासून धरू नका.

कागदांचं दुसरं काम नोंदणीचं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तुमच्या आरसी बुकात शेवटची तारीख कोणती आहे ते पाहा. नंबर 1989 च्या आधीचा, तीन अक्षरांचा असणार आणि तो मुंबईच्या ज्या आरटीओत पडला तिथेच मूळ नोंद असणार. आधी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून बघा. नोंद दिसली नाही तर त्या आरटीओत जाऊन जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागेल. ती झाल्याशिवाय पुढचं काहीच ऑनलाइन होत नाही, एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटीही मिळत नाही. सोबत इंजिन नंबर आणि चासी नंबर पुस्तकाशी जुळतात का ते गाडीवर प्रत्यक्ष बघा. गंजलेल्या जागी खडूची पूड चोळली की कोरलेले आकडे दिसतात. घासकागद मारू नका. घासलेल्या नंबरावर तपासणीत संशय येतो. नूतनीकरणाला फॉर्म 25, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि प्रत्यक्ष तपासणी. 20 वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झाली आहे, त्यावर उशिराचं शुल्क वेगळं. हे पैसे अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा.

आणि मित्रांचं ते व्हिंटेज प्रकरण. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. तुमची गाडी 1982 ची. तिची पन्नाशी 2032 मध्ये. तेव्हाही नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे, नोंदणी 10 वर्षांची असते आणि त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुम्हाला गाडी चालवायची आहे, तर साधं नूतनीकरणच तुमच्या कामाचं. मात्र या नियमातली एक गोष्ट आजपासून पाळा : चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं ठेवा. 'मारुतीचं इंजिन बसवतो, अॅव्हरेज देईल' असं सांगणारे भेटतील. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, शिवाय 2032 चा दरवाजाही बंद होतो.

आता समजू या की पत्रा तपासणीत टिकला. मग प्रश्न उरतो, गाडी करायची ती कशी. 'अगदी नव्यासारखी' हे शब्द मला थोडे खटकले, ते का ते सांगतो. सगळा रंग उतरवून, सगळं रेक्झिन बदलून, सगळं क्रोम नवं करून गाडी सुंदर दिसते, पण अण्णांच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, त्यांनी शिवून घेतलेली सीट, काचेवरचा एखादा स्टिकर, हे सगळं त्यात जातं. गाडी 1982 च्या शोरूममधली हवी आहे की अण्णांची हवी आहे? याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण माझं मत असं की आधी गाडी सुरक्षित आणि चालती करा, गंज थांबवा आणि वर्षभर चालवा. रंगाचा निर्णय त्यानंतर घ्या. खर्च विभागला जातो, आणि रंगवलेल्या गाडीवर पुन्हा वेल्डिंग करावं लागण्याची वेळ येत नाही. तीच चूक सगळ्यात जास्त होते : आधी रंग, मग इंजिन काढताना फेंडरवर ओरखडे, मग फ्लोअरचं वेल्डिंग करताना आतून जळलेला रंग.

काम कुठे करायचं? शेडमध्ये फक्त तपासणी. गाडी फ्लॅटबेडवरूनच न्या, दोरी बांधून ओढू नका. ब्रेक लायनर ड्रमला चिकटलेले असतात आणि चाक फिरत नसताना ओढलं की मागचा अॅक्सल आणि कमानपाट्याची ब्रॅकेटं दोन्ही दुखावतात. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून कोल्हापूर जवळ पडतं आणि इंजिनच्या कामासाठी मी मुंबईआधी कोल्हापूरच सुचवेन. उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग करणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे कारखाने आहेत. पत्र्याचं काम मात्र तुम्हाला महिन्यातून एकदा तरी जाऊन बघता येईल अशा ठिकाणी द्या. फोटोवर विसंबून पत्र्याचं काम करून घेता येत नाही.

पत्र्याच्या मिस्त्रीशी बोलताना तीन गोष्टी आधी ठरवा. जोड CO2 म्हणजे मिग वेल्डिंगने होणार; गॅसने केलेल्या वेल्डिंगच्या उष्णतेने मोठा पत्रा वेडावाकडा होतो आणि मग तो लांबीने झाकला जातो. फ्लोअर आणि सिलला 18 गेजचा, म्हणजे सुमारे 1.2 मिमीचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा. बाहेरच्या फेंडर-दरवाजाला 20 गेज. सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आतून आडवे-तिरपे लोखंडी अँगल टाचून घ्यायचे. हे न करता दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मधोमध बसते आणि नंतर चारही दरवाजे लागत नाहीत. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकून झाकून देणं चालणार नाही, हे लेखी घ्या. मधल्या फटीत पाणी साठून तो चार पावसाळ्यांत पुन्हा जातो. वेल्डिंगनंतर जोडावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर, खालून अंडरकोट, आणि सिलच्या पोकळीत आतून मेणाचं कोटिंग. रंगाआधी प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा आणि पैसे त्या टप्प्यांनाच बांधा.

इंजिनाला हात लावताना चारही प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये 10 ते 15 मिली ट्रान्समिशन ऑइल आणि अॅसिटोनचं सम प्रमाणातलं मिश्रण सोडा. अॅसिटोन चटकन पेटतं, आजूबाजूला विडी-काडी नको. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं घाला. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने अलगद पुढे-मागे हलवा. हललं की पूर्ण फिरवण्याची घाई नको. दोन्ही बाजूंना थोडं थोडं वाढवत न्या. व्हॉल्व्ह कव्हर उघडून आठही रॉकर वर-खाली होतात का बघा. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज सोडवणारं तेल सोडा. जुनं तेल काढून सम्प उघडा, जाळी साफ करा, 20W-50 मिनरल तेल घाला. आता, वायरिंग नीट झाल्यावर आणि प्लग बाहेरच ठेवून, स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. नंतर कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलेंडर 120 ते 150 पीएसआयच्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडूच नका. एखादा फार कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा; आकडा वाढला तर रिंगांचा दोष, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा.

गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबूनही सुटत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली आहे. क्लचचं पेडल लाकडाने दाबून धरून मागची चाकं वर घ्या, स्टँड लावा, आणि टॉप गिअरमध्ये दोन्ही चाकं एकदम एकाच दिशेने हाताने झटका देऊन फिरवा. बऱ्याचदा गिअरबॉक्स न उतरवता प्लेट सुटते.

या इंजिनाचं एक खास दुखणं पाण्याच्या वाटेत असतं. लोखंडी ब्लॉकवर अॅल्युमिनियमचं हेड, आणि कित्येक वर्षं नळाचं किंवा विहिरीचं पाणी. दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया होऊन हेडच्या पाण्याच्या भोकांभोवतीचं अॅल्युमिनियम झिजतं, गॅस्केटची पकड जाते आणि गाडी तापते. अशा वेळी पूर्वी सरसकट थर्मोस्टॅट काढून टाकत. तो मूळ रोगावरचा इलाज नाही. हेड उतरवलंच तर सरळ पट्टी ठेवून 0.05 मिमीचा फीलर (मापाची पातळ पत्ती) खाली जातो का बघा. जात असेल तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या. रेडिएटर उघडून कोर साफ करा, वेल्च प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरच्या पत्र्याच्या वाट्या) बदला, थर्मोस्टॅट परत बसवा आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं घाला. शिसंविरहित पेट्रोलची भीती बाळगू नका. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट वेगळ्या बसवलेल्या असतात आणि जपून चालवलेल्या गाडीला त्यामुळे त्रास होत नाही.

भीती बाळगायचीच तर ई-20 ची बाळगा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. 1982 च्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते मऊ पडतं, चिरतं, आणि पेट्रोल गरम सायलेन्सरवर ठिबकतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप बदला आणि नवा पाइप एसएई जे30 आर9 दर्जाचा घ्या. तो पाइपवर छापलेला असतो. एसी पंपाचं (इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचं) डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल चालणारं मागा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकी अर्धी भरून गाडी दोन महिने उभी ठेवणं बंद. टाकी उतरवून गंज काढणाऱ्या फॉस्फोरिक अॅसिडने धुवा, नंतर सोड्याच्या पाण्याने, मग पूर्ण वाळवा. टाकीला भोक असेल तर पेट्रोलचा वास गेला म्हणून वेल्डिंग करू देऊ नका. वाफ काढल्याशिवाय ठिणगी लागली तर टाकी फुटते, माणसं यात गेलेली आहेत. इंजिन पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा दोन किलोचं अग्निशामक हाताशी हवं.

ब्रेकमध्ये मात्र 'आधी बघू' नको, सरसकट नवं करा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, त्यामुळे व्हील सिलेंडर आतून गंजलेले असणारच. मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा असेल तर एक वॉशर फाटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, आणि तुमच्या वाटेत घाट आहेत. मास्टर, चारही चाकांचे सिलेंडर, रबरी होज, सगळ्या धातूच्या नळ्या, लायनर, हँडब्रेकच्या केबली. नळ्या तांबं-निकेलच्या घ्या, त्या गंजत नाहीत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायर कितीही नवे दिसोत, बदला. बाजूवर छापलेले चार आकडे म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि साल.

वायरिंगला जोड देत बसू नका, नवा हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) करून घ्या, फ्यूज वाढवा, आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा.

सुट्या भागांबद्दल आज तुम्हाला थोडी घाई करावी लागेल. पद्मिनीचे भाग इतकी वर्षं सहज मिळाले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि 20 वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये उतरली. मागणी आटली, तसा दुकानदारांचा साठाही पुन्हा भरला जात नाही. इंजिनचे, ब्रेकचे भाग अजून सापडतात. अडतं ते काचेची आणि दरवाजांची रबरं, दिव्यांच्या काचा, ग्रिल, दरवाजांच्या कड्या आणि स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे बुश यांच्याशी. हे आधी जमवा. मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा भंगार बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे स्वतः फिरा, जुना भाग हातात घेऊन जा. गाडीतून निघालेलं काहीही, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, काम पूर्ण होईपर्यंत टाकू नका; पिशवीत घालून, कागदावर जागा लिहून ठेवा. नवीन भाग बसला नाही की जुन्याच्या मापानेच लेथवर करून घ्यावा लागतो.

मे महिन्याचं काय? सात महिन्यांत कागद, पत्रा, ब्रेक, इंजिन आणि शिवाय लग्नाची तयारी, हे मला शक्य दिसत नाही. लग्नाची तारीख मिस्त्रीला सांगितली की नेमकी वेल्डिंग आणि ब्रेक इथे घाई होते, आणि ताज्या दुरुस्त झालेल्या गाडीत नवरा-नवरीला बसवणं बरोबर नाही. अशी गाडी आधी रिकाम्या रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर, मग पन्नास, आणि निदान 500 किलोमीटर झाल्यावर ब्रेक पुन्हा ब्लीड करून (नळ्यांतली हवा काढून), हेडचे नट पुन्हा कसून, सगळ्या गळत्या बघून मगच माणसं घेऊन निघायला योग्य होते. पत्रा टिकाऊ निघाला तर गाडी धुऊन-पुसून, टायर घालून, फ्लॅटबेडवरून कार्यालयाच्या दारात उभी करा. लेकीचा फोटो आजोबांच्या गाडीजवळ होईल, पाठवणी दुसऱ्या गाडीतून होईल. वहिनींचा लग्नाच्या खर्चाबद्दलचा प्रश्नही त्याने सुटतो : लग्नापर्यंत फक्त तपासणी, कागद आणि दुर्मीळ भागांची खरेदी, पत्रा आणि इंजिन लग्नानंतर.

आणि पत्रा टिकाऊ निघाला नाही तर? तरी भंगारवाल्याला तशीच देऊ नका. पुस्तकासकट उचलून दिलेली गाडी कागदावर तुमच्या कुटुंबाचीच राहते आणि तिचे नंबर दुसऱ्या गाडीवर चढू शकतात. एखादा पद्मिनीवाला भागांसाठी घेतो का ते आधी विचारा. त्याला तुमचं इंजिन, काचा आणि दरवाजे सोन्यासारखे आहेत. कुणीच नसेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात देऊन सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या आणि त्यावर आरटीओत नोंदणी रद्द करा. दोन्ही वाटांनी आधी नावबदल लागतो, म्हणून फॉर्म 31 चं काम गाडीचा निर्णय काहीही होवो, या महिन्यातच सुरू करा. स्टिअरिंग, मीटर, पुढचा बॅज, जे घरात ठेवायचंय ते आधी काढून घ्या.

तपासणीला जाईपर्यंत भावाला किंवा गावच्या माणसाला एवढंच सांगा : गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री असेल तर ती काढा, खालचा ओलावा तिच्यात कोंडतो. काचा दोन बोटं खाली घ्या आणि त्या फटींना उंदीर शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लावा. जुनी बॅटरी काढून शेडबाहेर ठेवा. आणि चाकांखाली फळ्या सरकवा, जमिनीची ओल वर चढणार नाही.